ठराव क्रमांक चार : वाय की एन

धनीबाईंचं पत्र आलं तेव्हा त्याला त्याच दिवशी उत्तर द्यायचं मी ठरवलं होतं. या गोष्टीला आता पावणेचार महिने झाले.

पत्र झरी जामणीकडच्या एका पोडावरून, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरून आलं होतं. वहीचं पान, निळी शाई, आठ ओळी. 'वामनराव साहेबांना नमस्कार. तुम्ही आमच्या पोडावर आलते. आई सुखीबाईचा आवाज मशीनमध्ये भरून नेलता. आई फागुनात गेली. मार्चच्या आठ तारखेला वर्ष होते, तवा सगळे जमतीन. आवाज असला तर द्या, ऐकू. नसला तर नाही म्हणून कळवा, म्हणजे आमी वाट पाहणार नाही.' खाली सही, आणि सहीखाली पत्ता.

मी लगेच कागद घेऊन बसलो. पहिला मसुदा 'आपल्या मातोश्रींच्या दुःखद निधनाची वार्ता समजली' असा सुरू झाला. वाचून पाहिला, तर नगरपरिषदेच्या पाणीकपातीच्या सूचनेसारखा वाटला. दुसऱ्यात मी जिव्हाळा आणायला गेलो आणि तो इतका आला की धनीबाई माझ्या सख्ख्या मावसबहीण आहेत असा कुणाचाही समज व्हावा. तिसऱ्यात बोलीभाषांचं महत्त्व शिरलं. चौथ्याला दोन तळटीपा झाल्या. नवव्या मसुद्याच्या वेळी आमच्या सौभाग्यवती विमलताई चहाचा कप ठेवत म्हणाल्या, "ती बाई हो का नाही इचारून राह्यली. तुम्ही तिले प्रस्तावना पाठवून राह्यले."

मी आयुष्यभर आर्णीच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होतो. निवृत्त झाल्यावर समितीने मला मानद चिटणीस केलं. म्हणजे काम तेच, फक्त आता कुणी रजा मंजूर करत नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांची पुस्तकं सांभाळली की स्वतःचं एक वाक्यही जबाबदारीने कुणाच्या हातात देववत नाही. हे माझं समर्थन नाही, नुसतं निदान आहे.

सुखीबाईंचा आवाज माझ्याकडे होता. चौदा वर्षांपूर्वी वाचनालयाच्या बोली संग्रहासाठी मी टेपरेकॉर्डर घेऊन त्यांच्या पोडावर गेलो होतो. मूळ कॅसेट पुढे वाळवीने खाल्ली असती तर निदान परंपरेला धरून झालं असतं. ती माझ्याच टेपरेकॉर्डरने खाल्ली. त्याआधी मी तो आवाज संगणकावर उतरवला होता आणि वाचनालयाच्या वेबसाईटवर ठेवला होता. तो संगणकही पुढे भंगारात गेला, आवाज उरला तो वेबसाईटवरच. एकूण एकसष्ट ध्वनिमुद्रणं, त्यांतलं सुखीबाईंचं सतरावं. त्या मुद्रणाच्या शेवटाजवळ एक जागा आहे. ती आली की मी बटण दाबून पुढे जातो. त्याबद्दल नंतर.

वेबसाईट ज्या मशीनवर आहे ते आर्णीत नाही. यवतमाळलाही नाही. ते एका कंपनीकडून भाड्याने घेतलेलं आहे आणि दूर कुठेतरी हजार मशीनांच्या रांगेत उभं आहे. याला क्लाऊड सर्व्हर म्हणतात. आमचे शेजारी उकंडाभाऊ वीज मंडळातून लाईनमन म्हणून निवृत्त झालेले. मी त्यांना हे समजावलं तेव्हा ते बराच वेळ विचार करून म्हणाले, "म्हंजे मशीन तुम्ही पाह्यलं नाही. मशीननं तुम्हाले पाह्यलं नाही. अन् भाडं चालू हाय." मी म्हटलं, हो. "मंग सोयरीकच हाय ही," ते म्हणाले.

हे सगळं मी वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी पुस्तकातून शिकलो. नऊशे बारा पानांचं पुस्तक आहे. त्यातलं बॅकअप घेण्याचं, म्हणजे सगळ्याची एक प्रत दुसरीकडे काढून ठेवण्याचं प्रकरण मला इतकं आवडलं की मी ते दोनदा वाचलं. बॅकअप मात्र घेतला नाही. वाचलं की झालं, असं मनाला वाटतं. वाचनालयात आयुष्य काढल्याचा हा एक तोटा.

तर फेब्रुवारी उजाडला. आठ मार्च दिसू लागला. मी दहावा मसुदा घेऊन बसणार, तेवढ्यात मशीनचीच एक सूचना आली. त्याची ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे मशीनच्या आतला हेडक्लार्क म्हणा ना, जुनी झाली आहे आणि लवकरात लवकर नवी घालावी. अशा सूचना वर्षभर येत होत्या आणि मी त्यांच्याकडे दुर्लक्ष करत होतो. पण उत्तर लिहायचं असलं की माणसाला कपाट आवरावंसं वाटतं. मी मनाशी म्हटलं, आधी मशीन नीट करू, मग आवाज उतरवून घेऊ, मग निवांतपणे पत्र लिहू. हा क्रम मला फार तर्कशुद्ध वाटला. तो उलटा करता आला असता हे आज कळतं.

गुरुवारी जेवण झाल्यावर मी आज्ञा दिली. मशीनने विचारलं, खरंच करायचं का? मी हो म्हटलं. बॅकअप घेतला आहे ना? मी हो म्हटलं. समितीच्या सभेत 'हिशेब सर्वांनी पाहिले आहेत ना' असं विचारलं की सगळे ज्या सुरात हो म्हणतात, त्याच सुरात. मग पडद्यावर ओळींमागून ओळी धावू लागल्या. जुनं उतरत होतं, नवं चढत होतं. मला आपल्या हातून काही घडत असल्याचा भास झाला. मी विमलताईंना हाक मारून दाखवलंसुद्धा. त्या म्हणाल्या, "छान हाय. तुरीची डाळ संपली."

डाळ आणून पाहतो तर ओळी थांबलेल्या. शेवटी इंग्रजीत एक प्रश्न होता. त्याचा भावार्थ असा: अमुक फाईल तुम्ही बदललेली आहे. ज्यांनी ती मुळात तयार केली त्यांनीही नवी आवृत्ती पाठवली आहे. आता काय करू? त्यांची घालायची असेल तर वाय, तुमची ठेवायची असेल तर एन. नुसतं एंटर दाबलंत तरी तुमचीच राहील.

ती फाईल म्हणजे कुठलं ध्वनिमुद्रण कुठे ठेवलं आहे आणि ते लोकांना कसं ऐकवायचं, हे मशीनला सांगणारी यादी. तीन वर्षं खपून मी ती लिहिली होती. आणि मशीन मला, चष्म्याच्या दोन काड्यांपैकी एक दोऱ्याने बांधलेल्या माणसाला, विचारत होतं: जगभरच्या तज्ज्ञांची ठेवू की तुमची?

माझी ठेव म्हणणं उद्धटपणाचं वाटलं. त्यांची घाल म्हणणं जिवावर आलं. पुस्तक उघडलं. पुस्तकात लिहिलं होतं, 'परिस्थितीनुसार निर्णय घ्यावा.' नऊशे बारा पानांचं पुस्तक लिहिणारा माणूसही ऐन वेळी असा अंग काढून घेतो. मी प्रश्नापुढे तासभर बसलो. लॅपटॉपला झोप लागली. तो जागा झाला तेव्हा मशीनशी असलेला संबंध तुटला होता, प्रश्न दिसेनासा झाला होता आणि वाचनालयाची वेबसाईट बंद पडली होती. पुन्हा आत शिरून काहीही सांगायला जावं तर एकच उत्तर: आधीचं काम अजून चालू आहे, थांबा.

मी थांबलो. थांबण्यात माझा हातखंडा आहे.

संध्याकाळी उकंडाभाऊंना सांगितलं, मशीन अडकलं. प्रश्नाचं काही बोललो नाही. प्रश्न किरकोळ होता असं नाही. त्याचं उत्तर मला देता आलं नाही, हे सांगायला लागलं असतं.

"फ्यूज काढून पुन्हा लावा," उकंडाभाऊ म्हणाले. "तीस वर्षं तेच केलं मी. लाईन येते म्हंजे येते."

"पुस्तकात मध्येच बंद करू नका म्हणून लिहिलंय. ठळक अक्षरात. अर्धं जुनं अर्धं नवं राहिलं तर मशीन पुन्हा उठणारच नाही."

"ठळक अक्षरात तर आमच्या डीपीच्या खांबावर बी लिवलं असते. कवटी बी काढेल असते. म्हणून का आम्ही चढलो नाही?"

त्यानंतर दहा दिवस सगळी आर्णी मला सल्ले देत होती असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल. निम्मी देत होती. पानठेल्यावरून सल्ला आला की व्हायरस असेल, सगळं पुसून टाका. ज्यांनी वाचनालयात तीस वर्षांत पाय ठेवला नाही असे गृहस्थ रस्त्यात थांबवून, वेबसाईट बंद असल्यामुळे आपली केवढी गैरसोय झाली ते सांगू लागले. माझ्या नोंदीप्रमाणे महिन्याला अकरा लोक ती वेबसाईट पाहतात आणि त्यांतले सात मीच असतो.

कंपनीकडे तक्रार नोंदवली. तक्रारीला क्रमांक मिळाला. क्रमांक मिळाला की भारतीय माणसाला निम्मा न्याय मिळाल्यासारखं वाटतं. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं की तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे. पाचव्या दिवशी, तक्रार सुटली असं समजून बंद करत आहोत. मग फोन केला. रुपाली नावाच्या बाई बोलल्या. त्यांचं माहेर दारव्ह्याचं निघालं, त्यामुळे संभाषण माणसाळलं.

"सर, आमच्या इकडून तुमचं मशीन एकदम ओके दाखवून राह्यलं. हिरवा दिवा आहे."

"पण ते काहीच करत नाही हो."

"सर, ते चालू आहे. चालू असून काही करत नाही, तो आमचा विषय नाही. आम्ही प्लॉट देतो. घरात कोण कोणाशी बोलत नाही हे आम्ही नाही पाहू शकत." मग त्यांनी विचारलं, "बाहेरून रिस्टार्ट करून देऊ का? तुमची फक्त लेखी परवानगी लागेल."

मशीन वाचनालयाच्या नावावर. लेखी परवानगी म्हणजे समितीचा ठराव. आणि मी उकंडाभाऊंसारखा खांबावर चढणारा माणूस नव्हे. वेबसाईट बंद म्हणजे सतरावं मुद्रण बंद. मशीन उठलं नाही तर सुखीबाईंचा आवाज गेला. बॅकअपला मी 'हो' म्हटलं होतं, हे मला आणि मशीनला, दोघांनाच माहीत होतं. टेबलाच्या काचेखाली धनीबाईंचं पत्र होतं. 'नसला तर नाही म्हणून कळवा' ही ओळ नेमकी माझ्या कोपराखाली यायची.

दहाव्या दिवशी, रविवारी सकाळी, समितीची तातडीची सभा झाली. अध्यक्ष इंद्रजीतराव, बियाणं आणि खतांच्या दुकानाचे मालक, पंधरा मिनिटं उशिरा आले आणि सभा वेळेवर सुरू झाल्याची नोंद करायला सांगून खुर्चीत बसले. गणसंख्या पाच, आम्ही सात होतो. उकंडाभाऊही सभासद आहेत, आणि सरकारी दवाखान्यातून सिस्टर म्हणून निवृत्त झालेल्या कांताबाईही. उरलेले तिघे चहासाठी येतात. ते दरवेळी येतात, हे त्यांच्याबाबत आदराने नमूद करतो.

"वामनराव, तुम्ही आम्हाले अंधारात ठेवलं," इंद्रजीतराव म्हणाले. "दहा दिवस वेबसाईट बंद. मी यवतमाळले सांगून राह्यलो की आमचं वाचनालय डिजिटल हाय म्हणून."

मी खाली मान घालून इतिवृत्त लिहीत होतो. स्वतःवरचे आरोप स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहिण्याचा प्रसंग सगळ्या चिटणीसांवर येतो.

मशीन बाहेरून बंद करून चालू करण्याचा ठराव उकंडाभाऊंनी मांडला. कुणीतरी अनुमोदन दिलं. तेवढ्यात कांताबाई म्हणाल्या, "एक मिनिट. पेशंट पडून हाय, ठीक. पण पडायच्या आधी शेवटचं काय बोलला तो?"

"कोण?" इंद्रजीतरावांनी विचारलं.

"मशीन. वार्डात कोणी सांगत आलं ना की म्हातारा निपचित पडला, तर मी पहिले हेच इचारत होते. शेवटचं काय बोलला? अर्ध्या टायमाले तो पाणीच मागत असते, अन् कोणाचं ध्यान नसते. वामनराव, काही बोलला का तो?"

माझं पेन थांबलं. खोटं बोलायला एक विशिष्ट चपळाई लागते, ती माझ्यात नाही.

"प्रश्न विचारला होता," मी म्हणालो.

"कोणाले?"

"मला."

"मंग तुम्ही काय सांगतलं?"

"काही नाही."

उकंडाभाऊंनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं तशी नजर मी त्यांची पूर्वी एकदाच पाहिली होती. कुणीतरी मेन स्विचच बंद असताना त्यांना पहाटे खांबावर चढवलं होतं तेव्हा.

"दहा दिवसांपासून," कांताबाई शांतपणे म्हणाल्या, "ते बिचारं तुमच्या उत्तराची वाट पाहून राह्यलं?"

मी प्रश्न काय होता ते सांगितलं. सांगताना वाटलं होतं की आता हे लोक हसतील आणि विषय संपेल. पण इंद्रजीतरावांनी खाकरून घेतलं. संस्थेला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर संस्थेनेच दिलं पाहिजे, हे त्यांचं मत ऐकून तिघांनी माना डोलावल्या. उकंडाभाऊंचा ठराव बाजूला राहिला आणि ठराव क्रमांक चार असा मांडण्यात आला: मशीनने विचारलेल्या प्रश्नास वाय म्हणावे की एन.

चर्चा झाली. वाय म्हणजे येस, एन म्हणजे नो, इतपत सर्वांना माहीत होतं, आणि याहून जास्त जाणून घेण्याची कुणाला गरज वाटली नाही. इंद्रजीतरावांनी भाषण केलं की आपली संस्था स्थापनेपासून सकारात्मक आहे, आपण कोणालाही नाही म्हटलेलं नाही. कांताबाईंनी मध्येच मला विचारलं, "ते फाईल कोणी लिवली?"

"मी."

"चालत होती?"

"तीन वर्षं चालत होती."

"मंग त्याच्यात इचारायचं काय हाय?" त्या म्हणाल्या, आणि एनच्या बाजूने त्यांनी एकटीने हात वर केला. वायला पाच मतं पडली. मलाही मत आहे, पण चिटणीस झाल्यापासून मी ते एकदाही दिलेलं नाही. त्या दिवशीही दिलं नाही. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'ठराव क्रमांक चार. सदर प्रश्नास वाय असे उत्तर देण्यात यावे. बहुमताने मंजूर.' मग चहा झाला.

दुपारी घरी आलो. पुस्तकाचं अनुक्रमणिकेत नसलेलं पान, म्हणजे सगळ्यात शेवटचं परिशिष्ट, वाचलं. तिथे लिहिलं होतं की संबंध तुटला तरी ते काम मशीनवर जागच्या जागी थांबून असतं. पुन्हा तीच आज्ञा द्या, ते तुम्हाला होतं तिथे नेऊन सोडेल. दहा दिवस मी सगळ्या आज्ञा दिल्या होत्या, तेवढी सोडून.

दिली. आणि समोर तोच प्रश्न आला. शब्द तेच, टिंब तेच, त्याच्यापुढे लुकलुकणारी तीच छोटी पट्टी. दहा दिवसांत मशीनने आवाज चढवला नव्हता, स्मरणपत्र पाठवलं नव्हतं, प्रश्न बदललाही नव्हता. रागावलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

इतिवृत्ताची वही शेजारीच होती. वाय, बहुमताने मंजूर. मी वायवर बोट ठेवलंसुद्धा. इतक्या वर्षांत मी समितीचा एकही ठराव मोडलेला नाही. उन्हाळ्यात वाचनालयाची खिडकी बंद ठेवण्याचासुद्धा. मग डोळ्यांसमोर ती यादी आली. सतराव्या क्रमांकापुढे मी लिहिलं होतं: सुखीबाई, पोडावर, मागे कोंबड्या.

मी एन दाबलं. मग एंटर.

ओळी लगेच धावू लागल्या, जणू मी मध्ये फक्त डाळ आणायला गेलो होतो. पाऊण तास लागला. शेवटी मशीनने स्वतःच रिस्टार्ट करण्याची परवानगी मागितली. तीही मी ठरावाशिवाय दिली. माणूस बिघडायला लागला की असा बिघडतो. तीन मिनिटं पडदा कोरा राहिला. त्या तीन मिनिटांत उकंडाभाऊ कुंपणावरून डोकावून "आली का लाईन?" म्हणून विचारून गेले. मग वेबसाईट उघडली. एकसष्टच्या एकसष्ट. मी आधी सगळी मुद्रणं लॅपटॉपवर उतरवून घेतली, मग पेनड्राइव्हवर, मग दुसऱ्या पेनड्राइव्हवर. मग सतरावं लावलं.

विमलताई हात पुसत येऊन बसल्या.

सुखीबाई झाडांची नावं सांगत होत्या. मध्येच कोंबडीला हाकललं. मध्येच मला म्हणाल्या, "बाबू, लिवून काय राह्यला, पहिले जेव ना." मग पुन्हा झाडं. मग ती जागा आली. बटणावरचा हात मी मागे घेतला.

"परत कधी येशीन?" सुखीबाईंनी विचारलं. "हे आमाले कधी ऐकवशीन?"

यानंतर मुद्रणात काही नाही. म्हणजे वारा आहे, कोंबड्या आहेत, लांब कुणीतरी लाकूड फोडतं आहे. माणसाचा आवाज नाही. मी घड्याळ लावून पाहिलं, अकरा सेकंद. त्या अकरा सेकंदांत मी तिथे समोर बसलेलो आहे आणि खोटं आश्वासन द्यायला नको, सोयीची तारीख पाहून सांगू, असा काहीतरी विचार करतो आहे. मग सुखीबाईच म्हणतात, "बरं, राहू दे," आणि पुढचं झाड सांगतात.

विमलताईंनी उठून कपाटातून पाकीट काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

मी लिहिलं: 'धनीबाईंना नमस्कार. सुखीबाईंचा आवाज आहे. चांगला आहे. मी तो घेऊन आठ तारखेला सकाळी पोडावर येतो. यायला चौदा वर्षं उशीर झाला. वामन.' वाचून पाहिलं. 'मी तो घेऊन'मधल्या 'तो'बद्दल मला शंका आली. विमलताईंनी कागद हातातून काढून घेऊन घडी घातली. "मी बी येते आठ तारखेले," त्या म्हणाल्या. "नाहीतर तुम्ही पांढरकवड्याच्या स्टँडवर बसून विचार करान."

सोमवारी सकाळी इतिवृत्तात ठराव क्रमांक चारखाली 'कार्यवाही' या रकान्यात मी नोंद केली: 'मशीनला उत्तर देण्यात आले. वेबसाईट सुरू.' इंद्रजीतरावांनी वाचून सही केली आणि सकारात्मकतेचा परिणाम कसा होतो पाहा, म्हणून सगळ्यांना सांगितलं. कांताबाई माझ्याकडे पाहून चष्मा पुसत राहिल्या.

तिथून पोस्टात गेलो. खिडकीवर दीपा म्हणून बाई असतात. त्यांनी पाकीट उलटसुलट करून विचारलं, "काका, स्पीड पोस्ट करू की साधं?"

"स्पीड पोस्ट," मी म्हणालो.

त्यांनी मान वर करून पाहिलं. मागच्या वर्षी मनीऑर्डरच्या अर्जावर मी खिडकीत पंधरा मिनिटं थांबलो होतो, ते त्यांच्या लक्षात असावं. त्यांनी शिक्का मारला, पावती दिली आणि पाकीट मागच्या पिशवीत टाकलं.

बाहेर पायरीवर आल्यावर मला वाटलं, 'चांगला आहे' याऐवजी 'सुस्पष्ट आहे' लिहायला हवं होतं का? परत जाऊन पिशवी उघडायला सांगता आलं असतं. पिशवी अजून तिथेच होती, खिडकीतून दिसत होती. मी पावती खिशात ठेवली आणि डाळ घेऊन घरी आलो.